घटस्फोटित नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि घरावर कर्ज आहे: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोट होऊन काही वर्षं झालेली असतात, मुलं आईजवळ असतात आणि एक दिवस फोन येतो की तो गेला. तेरवी आटोपते न आटोपते तोच बँकेचा माणूस हप्त्याची विचारणा करायला येतो. पुढचे प्रश्न बहुतेक अशाच बायकांचे आहेत. घटस्फोटित बायको गेली आणि नवरा विचारतो आहे, असं असेल तर फरक कुठे पडतो, ते त्या त्या जागी सांगितलं आहे. उत्तरं हिंदू वारसा कायदा, १९५६ धरून दिली आहेत. इतरांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

रीतसर घटस्फोट झाला आहे. त्याच्या घरात माझा वाटा किती?

वारस म्हणून काहीच नाही. कायदा वाटा देतो तो विधवेला, आणि घटस्फोटित बायको विधवा ठरत नाही. पंधरा वर्षं संसार केला, हप्ते भरले, घराच्या फरशा स्वतः निवडल्या, यानं वारसा मिळत नाही.

तरी फाइल बंद करायची घाई करू नका. घराचा संबंध तुमच्याशी तीन वाटांनी उरू शकतो: विक्रीपत्रात तुमचं नाव असेल, घटस्फोटाच्या हुकुमात घराबद्दल काही लिहिलं असेल किंवा त्याच्यापासून तुम्हाला मुलं असतील. बहुतेक घरांत तिसरी वाट उघडी असते. म्हणून "माझा वाटा किती" यापेक्षा "मुलांचा किती" हा प्रश्न आधी घ्या.

घटस्फोट "झाला" म्हणजे नेमकं काय झालं?

इथे गडबड फार होते, म्हणून जरा थांबून पाहू. परस्पर संमतीच्या अर्जात पहिली तारीख झाली, सहा महिन्यांची मुदत चालू होती आणि तेवढ्यात तो वारला, तर घटस्फोट झालेलाच नाही. लग्न शेवटपर्यंत टिकलं, तुम्ही विधवा आणि पहिल्या वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असणाऱ्या, वारस. न्यायिक विभक्ततेचा हुकूम असेल तरी तेच, कारण त्यानं लग्न मोडत नाही. नुसतं दहा वर्षं वेगळं राहिल्यानंही मोडत नाही.

दुसरा प्रकार सोडचिठ्ठीचा. चार पंचांसमोर शंभराच्या स्टँपवर दोघांनी सही केली, नोटरीचा शिक्का मारला आणि दोघंही मोकळे झालो असं समजले. असा कागद एरवी घटस्फोट ठरत नाही. तुमच्या समाजात फारकतीची जुनी, सिद्ध करता येईल अशी रूढी असेल तर कायदा तिला मान देतो, पण रूढी आहे हे पुराव्यानं दाखवावं लागतं. सासरची मंडळी असा स्टँप पुढे करून "तुझा काही संबंध नाही" म्हणत असतील, तर त्या एका कागदावर माघार घेऊ नका.

हुकूम तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी झाला असेल आणि समन्सच मिळालं नसेल, तर नवऱ्याच्या मृत्यूनंतरही तो रद्द करून मागता येतो. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं आहे. मात्र त्यासाठी लगेच वकील गाठा.

मग वारस कोण?

पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गात मुलगे, मुली, विधवा आणि आई, सगळ्यांना एकेक सारखा वाटा. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची लेकरं असतील तर त्या शाखेला एक वाटा. वडील या वर्गात नाहीत, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. पहिल्या वर्गात एकही जण असला तर वडिलांना आणि भावांना काही मिळत नाही.

मुलं तुमच्याजवळ राहतात, तुम्ही दुसरं लग्न केलं, मुलांनी वडिलांना पाच वर्षं पाहिलं नव्हतं, यातल्या कशानंही मुलांचा हक्क कमी होत नाही. त्यानं घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं असेल तर ती बायको विधवा म्हणून एक वाटा घेईल आणि तिची मुलं तुमच्या मुलांच्या बरोबरीनं. तुमची दोन, तिचं एक, ती स्वतः आणि सासूबाई, म्हणजे पाच वाटे. त्यानं तुमचा घटस्फोट व्हायच्या आधीच दुसरं लग्न उरकलं असेल तर ते लग्न शून्य ठरतं आणि ती वारस नाही. पण तिच्या मुलांना बापाच्या मिळकतीत हक्क आहे. त्या लेकरांना हिशेबातून वगळून केलेला वाटप टिकत नाही.

आता उलट बाजू. घटस्फोटित बायको वारली, तर तिचं घर सगळं मुलामुलींकडे जातं. घटस्फोटित नवरा वारस नाही, आणि मुलं असतील तर तिच्या आईलाही त्यात वाटा नाही.

घर दोघांच्या नावावर आहे. तो गेला, म्हणजे आता पूर्ण घर माझं ना?

नाही. आपल्याकडे साधारणपणे दोन नावं म्हणजे दोन वेगळे हिस्से. एक जण गेला की त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो, दुसऱ्या नावात आपोआप मिसळत नाही. विक्रीपत्रात हिस्से लिहिले नसतील तर सहसा अर्धा-अर्धा धरतात.

आकड्यांत पाहू. मानेवाड्याकडचा एक फ्लॅट धरा: किंमत ६० लाख, बाकी कर्ज २४ लाख, दोघांच्या नावावर, दोन मुलं, सासूबाई हयात, त्याचं दुसरं लग्न नाही. कर्ज वजा जाता उरले ३६ लाख. तुमचे १८. त्याच्या १८ चे तीन वाटे: दोन मुलांचे ६-६ आणि सासूबाईंचे ६. म्हणजे तुम्ही आणि मुलं मिळून ३० लाखांचे धनी, आणि सगळं भांडण उरलेल्या सहा लाखांचं. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की आवाज खाली येतात.

सासूबाई म्हणतात, "घर माझ्या लेकाचं, मी एक इंच सोडणार नाही." काय करावं?

त्यांचा वाटा कायदेशीर आहे, हे आधी मान्य करा. मग नातवंडांच्या नावानं बोला. त्यांना वाटा सोडायचा असेल तर तो नातवंडांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं सोडावा. आधी वारलेल्या मुलाची लेकरं ही मुद्रांक शुल्काच्या सवलतीत बसणारी नाती आहेत, खर्च नाममात्र येतो. तोच हक्क त्यांनी तुमच्या नावे सोडला तर घटस्फोटित सून त्या यादीत नाही आणि शुल्क विक्रीसारखं लागू शकतं. पांढऱ्या कागदावर किंवा नोटरीपुढे लिहून घेतलेलं "मला काही नको" याला इथे किंमत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवी.

त्या सोडायला तयार नसतील आणि मध्येच वारल्या, तर त्यांचा वाटा त्यांच्या वारसांकडे जाईल, म्हणजे सासरे हयात असतील तर ते, तुमचे दीर, नणंदा आणि वारलेल्या मुलाच्या जागी पुन्हा तुमचीच मुलं. तोंडं वाढतात आणि सह्या जमवणं कठीण होतं. माझं मत विचाराल तर सहा लाखांच्या वाट्यासाठी दिवाणी दावा लावण्याआधी त्यांना रोख मोबदला किंवा हयातभर एका खोलीत राहण्याची लेखी हमी देऊन पाहा. वाटणीचा दावा वर्षानुवर्षं चालतो आणि हप्ता दर महिन्याला येतो.

हप्ते आता मी भरायचे का?

पहिलं काम म्हणजे कर्जाचा करार काढून सही बघणं.

सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल तर बँकेच्या दृष्टीनं घटस्फोटाला काही अर्थ नाही. "यापुढे हप्ते तो भरेल" असं घटस्फोटाच्या अटींत लिहिलं असलं तरी ते तुम्हा दोघांपुरतं. बँक त्या करारात नव्हती. ती तुमच्याकडून पूर्ण रक्कम मागू शकते आणि हप्ता थकला की तुमचा सिबिल स्कोअर पडतो. मात्र त्याच्या हिश्शाचं जे तुम्ही भराल ते त्याच्या वारसांच्या वाट्यातून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे. म्हणून हप्ता रोखीनं किंवा भावाच्या खात्यातून भरू नका. स्वतःच्या खात्यातून भरा आणि प्रत्येक पावती ठेवा.

सही नसेल तर तुमच्या पगाराला, दागिन्यांना, माहेरच्या घराला बँक हात लावू शकत नाही. मुलांचंही तसंच: वारसांवर कर्जाची जबाबदारी येते ती वारशात जे मिळालं तेवढ्यापुरतीच. घर ४० लाखांचं आणि कर्ज ५० लाखांचं असेल तर उरलेले दहा मुलांनी मोठं होऊन फेडायचे, असं नसतं. फोनवर कोणी "बापाचं कर्ज लेकरांना फेडावंच लागते" म्हणून दम देत असेल तर ते लेखी मागा. लेखी येत नाही.

पण घर ठेवायचं असेल तर कर्ज त्याला चिकटूनच येतं. सही नाही म्हणून हप्ते थांबवले तर शेवटी घर जातं, आणि त्यात मुलांचाच वाटा असतो. बँकेला मृत्यू दाखल्यासह लेखी कळवा, पोच घ्या, आजअखेरची बाकी लेखी मागा. मग ठरवा: कमावत्या वारसाच्या नावे कर्ज फिरवून घ्यायचं, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागायची की विकून मोकळं व्हायचं. बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही.

कर्जाचा विमा होता का, हे कसं कळेल?

हप्त्याची चर्चा करण्याआधी हे बघा. कर्ज देताना बँका बरेचदा गृहकर्ज-विमा सोबत देतात आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवतात. कर्ज खात्याच्या उताऱ्यात अगदी पहिल्या नोंदी वाचा: घराची रक्कम बिल्डरला गेली त्याच दिवशी किंवा आसपास वीस-तीस-पन्नास हजारांची एक वेगळी रक्कम एखाद्या विमा कंपनीच्या नावे गेलेली दिसली, तर पॉलिसी आहे असं समजा. मंजुरीपत्रातही तिचा उल्लेख सापडतो. शाखेत विचारल्यावर "नाही वाटत, ताई" असं उत्तर मिळालं तर तेवढ्यावर परतू नका, लेखी अर्ज द्या.

दोघांचं कर्ज असलं तरी विमा कधी एकट्यावर असतो, कधी दोघांवर ठराविक टक्क्यांत. त्याच्यावर होता तर दाव्याची रक्कम आधी कर्जात जाते. कंपनी "आजार लपवला" म्हणून नकार देत असेल तर तारीख बघा: जीवन विम्याची पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं उलटली असतील तर त्या कारणावरून ती नाकारता येत नाही. तरी नकार आला तर विमा लोकपाल आणि ग्राहक आयोग हे दोन्ही रस्ते आहेत.

बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे. घर जाईल का?

लगेच नाही. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक (एनपीए) होतं, मग सरफेसी कायदा, २००२ (बँकेला दावा न लावता गहाण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस येते. या साठ दिवसांत लेखी हरकत नोंदवा. बँकेला तिचं पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोटीस फक्त मृताच्या नावे काढली आहे आणि वारसांना कळवलंच नाही, असं दिसलं तर ते हरकतीत ठळक लिहा.

त्यानंतर बँक ताब्याची कारवाई करते. दारावर चिकटवलेली ताब्याची नोटीस फाडून टाकू नका, तारखेसकट फोटो काढा. त्या दिवसापासून पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, आणि ते नागपुरातच आहे. पैसे भरून घर सोडवून घ्यायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. जाहिरात आल्यावर नातेवाइकांकडून पैसे गोळा करत बसलं तर उशीर झालेला असतो.

लिलावात किंमत पडते. घर टिकवणं जमणारच नाही असं दिसत असेल तर सगळ्या वारसांनी मिळून बँकेच्या संमतीनं खुल्या बाजारात विकलेलं बरं. कर्ज वळतं करून उरलेले पैसे तरी हातात येतात.

मुलं लहान आहेत. मी आई म्हणून सही करून घर विकू शकते?

विकू शकत नाही, न्यायालयाची परवानगी आधी हवी. वडिलांनंतर आई नैसर्गिक पालक असते, घटस्फोट झाला असला तरीही. पण १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाची स्थावर मिळकत विकणं किंवा गहाण ठेवणं यासाठी परवानगी लागते, आणि ती गरज किंवा मुलाचं उघड हित दाखवल्याशिवाय मिळत नाही. थकलेलं कर्ज आणि येऊ घातलेला लिलाव हे कारण न्यायालयाला पटू शकतं. सोबत बँकेचा बाकीचा दाखला, किमतीचा अहवाल आणि मुलांचे पैसे कुठे ठेवणार याची योजना जोडा. न्यायालय सहसा त्यांच्या नावे मुदतठेव सांगतं.

परवानगीशिवाय विकलं तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत व्यवहार रद्द करून मागू शकतं. म्हणून शहाणा खरेदीदार असा व्यवहार करतच नाही. नावावर कर्ज फिरवताना बँकही हीच परवानगी मागेल. "अगोदर रजिस्ट्री करू, परवानगी नंतर बघू" म्हणणारा दलाल भेटला तर त्याला चहा पाजून रवाना करा.

नागपुरात नाव कुठे कुठे चढवायचं?

हे घर कुठल्या प्रकारच्या जमिनीवर आहे त्यावर ठरतं. सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर नगर भूमापन कार्यालयात आखीव पत्रिकेवर (शहरातल्या मिळकतीचा सरकारी उतारा) वारसांची नोंद. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालककर्ता म्हणून तुमचं नाव येईल. ही अक्षरं नीट तपासा, कारण ती राहून गेली तर तुम्ही मालक आहात असा घोळ कागदावर तयार होतो आणि पुढे मुलांच्याच मुळावर येतो. बेसा-बेलतरोडीसारख्या भागात सात-बारा असेल तर तलाठ्याकडे वारस फेरफार.

नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) लीजचा प्लॉट असेल तर नामांतरण त्यांच्याकडे. हुडकेश्वरकडच्या किंवा तशाच जुन्या लेआउटमधला प्लॉट असेल तर आर. एल. लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) कोणाच्या नावे आहे ते बघा. बँकेनं कर्ज देताना त्याची प्रत घेतलेली असते. नझूलच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी, जमिनीवर पट्ट्याची मुदत आणि थकलेलं भूभाडे तपासा. फ्लॅटच्या स्कीममध्ये सोसायटी असेल तर भागपत्र, अपार्टमेंट असेल तर डीड. महापालिकेचा घर टॅक्स आणि महावितरणचं बिल शेवटी बदला. त्यांच्यावर नाव आलं म्हणजे मालकी आली, असं नाही.

या सगळ्या ठिकाणी वारसांचा पुरावा मागतात. वाद नसेल तर सगळ्यांचं प्रतिज्ञापत्र कुठे कुठे चालतं. वाद असेल किंवा बँक अडून बसली तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र काढा. उत्तराधिकार प्रमाणपत्र त्याच्या ठेवी, शेअर, येणी यांसाठी असतं, घरासाठी नाही. दोन्हीसाठी एकदमच अर्ज लावायचा की नाही हे वकिलाला आधी विचारा, म्हणजे फेरे वाचतात.

सोसायटीत नॉमिनी म्हणून अजून माझंच नाव आहे.

त्यानं तुम्ही मालक होत नाही. नॉमिनी म्हणजे वारस ठरेपर्यंत सांभाळणारा.

घटस्फोटाच्या हुकुमात घर माझ्या नावे करून द्यायचं ठरलं होतं, त्यानं केलं नाही आणि वारला.

मग तुम्ही वारस नसलात तरी हुकूमधारक आहात, आणि ही बाजू बळकट आहे. हुकुमाची अंमलबजावणी त्याच्या वारसांविरुद्ध मागता येते, मुदत साधारण बारा वर्षांची. वारसांनी सही केली नाही तर न्यायालय त्यांच्या वतीनं दस्त करून देऊ शकतं. थकलेल्या पोटगीसाठीही त्याच्या मिळकतीवर दावा लावता येतो. मात्र बँकेचं गहाण आधीचं असेल तर तिचं देणं पहिलं.

मृत्युपत्र नाही, हे नक्की कशावरून?

दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं हातानं लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं, नोंदणी सक्तीची नाही. कपाट, लॉकर, त्याचा वकील, दुय्यम निबंधक कार्यालय, सगळीकडे विचारा. आणि हो, लग्नाच्या काळात तुमच्या नावे केलेलं जुनं मृत्युपत्र घटस्फोटानं आपोआप रद्द होत नाही. ते सापडलं तर वरची पुष्कळशी उत्तरं बदलतात.

आम्ही बौद्ध आहोत. हाच कायदा लागतो का?

हो. बौद्ध, जैन आणि शीख यांना हिंदू वारसा कायदाच लागू आहे. मुस्लिम कुटुंबात ठरलेले हिस्से असतात आणि इद्दतच्या (तलाकनंतर बायकोनं थांबायचा ठरावीक काळ) काळात मृत्यू झाला तर तलाकच्या प्रकारावर उत्तर अवलंबून राहतं. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. गोंड वगैरे अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा एरवी लागत नाही, म्हणून त्यांनी वरचे वाटे स्वतःला लावून पाहू नयेत.

घर त्याच्या नावावर नव्हतंच, सासऱ्यांच्या नावावर आहे.

सासरे हयात असतील आणि घर त्यांचं स्वकष्टाचं असेल तर आज कोणाचाच हक्क नाही. ते मृत्युपत्र न करता गेले की आधी वारलेल्या मुलाची मुलं म्हणून तुमची लेकरं पहिल्या वर्गाचे वारस. घर वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा होतो, कागद दाखवून विचारा.

वकिलाची फी परवडत नाही.

महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, सोबत हुकूम, मृत्यू दाखला आणि बँकेचं पत्र न्या.

कर्ज फिटलं. मूळ कागद बँक आम्हाला देईल?

द्यावेच लागतात, तेही कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कर्जदार वारला असेल तर कागद वारसांना कसे द्यायचे याची पद्धत बँकेनं आपल्या संकेतस्थळावर ठेवायची असते. ते पान छापून शाखेत न्या. मूळ विक्रीपत्रासोबत आधीच्या मालकांचे जोडदस्तही मोजून घ्या, आणि दुय्यम निबंधकाकडची गहाणाची नोंद कमी झाली का, ते सर्च काढून पाहा.